चिकाची किटली

"बसाय न्हाय आलो, शिस्टरबाई," असं म्हणत एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून ती उभी राहायची. हातात दुधाची किटली, कमरेला खोचलेला पदर आणि नजर पुढच्या घराकडे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, जिला कुणी कधी खुर्चीला टेकलेलं पाहिलं नाही. आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीत ही होती. लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणायचे.

गल्लीच्या तोंडाशी तिचा म्हशींचा गोठा. मी कोकणातून आलेली, जवळच्या एका प्रसूतिगृहात नर्स. मी राहायला आले तेव्हाच तिची एक म्हैस व्याली आणि तिनं घरोघर चीक वाटला. मी खरवस केला आणि भांडं लख्ख घासून परत दिलं. ती त्याच पावली माघारी आली.

"रिकामं देतासा व्हय? चिकाचं भांडं रिकामं देत न्हाईत. चिमूटभर साखर टाका."

मी साखर टाकली आणि पैसे किती, असं विचारलं. मग तर ती भडकलीच. "चीक कोण इकतंय व्हय? चीक द्याचा असतोय!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं. मला इतका राग आला की पुढे कित्येक दिवस मी तिच्याकडून नुसतं दूध घेत होते, बोलत नव्हते. पण तिच्यावर राग धरायचा तरी किती वेळ? ती थांबली तर ना!

तिची एक नणंद होती, इचलकरंजीला यंत्रमागवाल्यांच्या घरी दिलेली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ही नणंद परकरातली पोर होती आणि घरात सासू नव्हती. हिनंच तिच्या वेण्या घातल्या, हिनंच तिचं लग्न लावलं. पहिल्या बाळंतपणात त्या नणंदेचं मूल गेलं आणि रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भपिशवीही काढावी लागली. वर्ष उलटायच्या आत तिच्या सासरी दुसऱ्या सुनेची कुजबुज सुरू झाली.

एका संध्याकाळी वहिनीनं उंबऱ्यातूनच विचारलं, "शिस्टरबाई, दुसऱ्याचं पोर आपल्या पोटात वाढवाय येतंय म्हणं. खरं हाय काय ओ?"

दोन हजार साल उलटून गेलं होतं, तरी आमच्याकडे हे नवंच होतं. मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. नणंदेची फक्त पिशवी गेली आहे, बीजं शाबूत आहेत. नवराबायकोचा गर्भ बाहेर तयार करून दुसरीच्या पोटात ठेवतात.

"आमच्या म्हशीला डाक्टर दारात येतोय," ती म्हणाली. "आमालाच तेवढं पुण्याला जावं लागनार, न्हवं?" आणि खो खो हसली. मग एकदम गंभीर झाली. "बी त्यांचं, रान माझं. वाटा तेवढा मागायचा न्हाय."

तिच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, बराच वेळ गोठ्यातलं शेण काढलं आणि मग "तू म्हणशील तसं" एवढंच म्हटलं. त्यांची सख्खी बहीण ती. बोलतील काय?

पुण्याला मीही सोबत गेले. तिथल्या अटी बऱ्याच. स्वतःची मुलं हवीत, तिची लेक तर चांगली मोठी होती; प्रकृती धडधाकट हवी, नवऱ्याची संमती हवी. तपासण्यांवर तपासण्या झाल्या. शेवटी तिथल्या समुपदेशक बाईंनी तिला एकटीला आत बोलावून विचारलं, बाळ देताना त्रास होईल, तेव्हा काय कराल? हिचं उत्तर बाहेरपर्यंत ऐकू आलं. "व्हईल की तरास! तरासाला कोण भितंय?"

परतीच्या एसटीत मात्र तिनं माझा हात धरला. "शिस्टरबाई, पोराचं तोंड बघितलं न्हाय तर जमंल न्हवं मला?" मी जमेल म्हटलं.

मग इंजेक्शनं सुरू झाली. रोज दुधाचा रतीब संपला की ती माझ्या दारात यायची. तेलातलं, दुखरं इंजेक्शन. तेही तिनं उभ्यानंच घेतलं. पहिल्या खेपेला गर्भ राहिला नाही. नणंदेची सासू म्हणाली, ही बया पाय मोडून घरात पडेल तर राहील ना! दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी थोडे दिवस विश्रांती सांगितली. मी बघायला गेले तर खाटेवर वाकळ तेवढी पसरलेली. बाई गोठ्यात, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी. "हिला समजावून सांगत होतो," म्हणाली, "आता थोडं दिस मालक धार काढतील म्हणून."

या खेपेला गर्भ राहिला.

सासरच्यांची एकच अट होती, कुणाला कळता कामा नये. नणंद दिवस गेले म्हणून माहेरी आली, असं इचलकरंजीत सांगून तिला वहिनीकडे आणून ठेवलं. इकडे गल्लीला वाटलं, वहिनीलाच दिवस गेलेत आणि नणंद मदतीला आली. गल्ली सोडते होय? "लेक लग्नाला आली आनि हे काय काढलंय गं?" वहिनी हसून पुढच्या दारात जायची. पण एवढं मोठं काहीतरी पोटात ठेवून गप्प राहणं तिला सोसत नव्हतं, हे मला दिसत होतं.

सातव्या महिन्यात बायका ओटी भरायला आल्या. खण, नारळ, तांदूळ, सगळा सरंजाम. पाट मांडला, रांगोळी घातली. वहिनीनं आतून नणंदेला हाताला धरून आणलं आणि पाटावर बसवलं.

"हिची भरा."

"आगं, पोट तुझं आनि ओटी हिची?"

"पोट माझं, पोर हिचं. भरा आदी, मग सांगतो सगळं."

आणि तिनं सगळं सांगितलं, तिच्या नेहमीच्या आवाजात, उभ्या उभ्या. नणंद पाटावर मान खाली घालून रडत होती. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकूंनी पहिला नारळ उचलून तिच्या ओटीत घातला. मग बाकीच्या पुढे झाल्या. मला तो दिवस अजून लखलखीत आठवतो. तिनं काही चुकीचं केलं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

पण त्या बायकांतल्या एकीची बहीण इचलकरंजीला होती. बातमी तिथं पोचायला कितीसा वेळ लागणार?

मुलगी झाली, आमच्याच प्रसूतिगृहात. नणंदेची सासू नवा टॉवेल घेऊन दारात उभी होती, चेहरा दगडाचा. बाळ रडत होतं, बाटलीला तोंड लावेना. सासूबाई म्हणाल्या, नको, हिच्या अंगावर नको, उगाच जीव गुंतेल.

"आवो, चीक हाय," वहिनी म्हणाली. "चिकाला कोन न्हाय म्हनतंय? द्या हिकडं."

मी बाळ दिलं. ती खाटेवर उठून बसली, मान पूर्ण खिडकीकडे वळवली आणि पाजायला लागली. एसटीतलं सोडलं तर इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा बसलेलं बघितलं. अगदी स्थिर. पाय हलत नव्हता, हात हलत नव्हता. "पिती का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पिते. बाळ झोपल्यावर ती म्हणाली, "घ्या." मान तशीच खिडकीकडे.

सासरच्यांनी पाटल्या पुढे केल्या. त्यांच्याकडेही तिनं बघितलं नाही.

त्याच दिवशी बाळ इचलकरंजीला गेलं आणि नणंदेचं माहेर बंद झालं. आमची अब्रू चव्हाट्यावर आणली, म्हणाले. वहिनीला घरी गेल्यावर गोठ्यात उभं राहवेना. मालकांनी धार काढायला घेतली, चरवीत दुधाचा आवाज झाला की हिचं पोलकं भिजायचं. मी गोळ्या दिल्या. दूध आटलं.

त्यानंतर म्हैस व्याली की ती ओळखीच्या माणसाबरोबर चिकाची किटली इचलकरंजीला धाडायची. किटली परत यायची, घासलेली. ती माझ्या दारात येऊन झाकण उघडून दाखवायची. "बघा. रिकामी." आणि लगेच चालू पडायची. असं किती वेळा झालं! शेवटी मीच चिडून म्हटलं, कशाला पाठवता? ती म्हणाली, "पोरीला मिळतोय न्हवं?"

पुढे शहरात गोठा ठेवणं जमेना. शेवटची धाडलेली किटली तिकडून परत यायच्या आधीच ती मंडळी शाहूवाडीकडे गावाला निघाली. निरोप घ्यायला आली तेव्हा म्हटलं, आज तरी बसा. "बसाय न्हाय आलो. टेंपो हुबा हाय." एवढं म्हणून गेली.

त्यानंतर काही वर्षांनी, भर दुपारी, माझ्या दारात नणंद उभी. कडेला परकरातली मुलगी, मुलीच्या दोन्ही हातांत ती किटली. पोरीनं ती छातीशी धरली होती. झाकण नीट बसत नव्हतं. आत काठोकाठ साखर.

"वैनी कुठं गेली ओ? गोठा दिसंना."

मी गाव सांगितलं, एसटी कुठून सुटते ते सांगितलं. पाणी तरी घ्या, बसा जरा, म्हटलं. तिनं एक पाय आधीच उंबऱ्याबाहेर टाकला होता.

"बसाय न्हाय आलो, शिस्टरबाई," ती म्हणाली. "आदीच लई उशीर झालाय."

दोघी भराभर चालत गेल्या, पोरगी साखर सांडू न देता. पुढचं मला कळलं नाही. माझी बदली झाली, गल्ली सुटली. पण अजूनही कुणी दारात उभं राहून किटली खणखणवली की मी हातातलं टाकून दाराशी जाते. मला एवढंच जाणून घ्यायचं आहे, त्या संध्याकाळी तरी वहिनी बसली का, आणि बसली तर मान कुठे वळवून.