गायकवाड सरांची दहा आकडी संख्या

आमच्या लातूरच्या कॉलेजात गणिताला माणसं दोनच. विभागप्रमुख गायकवाड सर आणि तासिका तत्त्वावरचा मी. विभागाचे किस्से मात्र विद्यार्थ्यांपेक्षा जास्त साठलेत. त्यात किश्श्यांचं कौतुक काही नाही, विद्यार्थीच कमी आहेत.

सर दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर २१४७४८३६४७ लिहितात आणि म्हणतात, "हिला भाग घालून दाखवा."

एका पोरानं विचारलं, "सर, कॅल्क्युलेटर चालंल का?"

"चालेल की. भागणार कशानं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं बायोलॉजी घेतलं.

*

ऑफिसातल्या शिंदे क्लार्कनी फळ्यावरचा तो आकडा मोबाईलमध्ये सेव्ह केला. आठवड्यानं म्हणाले, "सर, तुमचा नवा नंबर लागंना झालाय."

"लागणार नाही. ती मूळ संख्या आहे."

"मग रिचार्ज मारा की."

*

ही संख्या म्हणजे दोनचा एकतिसावा घात वजा एक. हिला जिनं भाग जाईल अशी कुठलीही संख्या बासष्टनं भागली की बाकी एक उरलीच पाहिजे. त्यामुळे तपासायच्या संख्या फार कमी होतात, चिकाटी असेल तर हातानंही जमतं. देवणीच्या सुनितानं दोन वह्या भरल्या आणि एक दिवस धावत आली. "सर, भाग गेला ओ. बाकी शून्य."

सरांचा चेहरा पांढरा पडला. तासभर दोघं ताळा करत बसले. शेवटी कळलं, सुनिता एका ठिकाणी हातचा विसरली होती.

मी म्हटलं, "सर, हे तर कधीचंच सिद्ध झालंय ना?"

सर पाणी प्यायले. "झालंय रे. पण आजकाल कशाचं काय सांगता येतंय?"

*

यंदा नोटीस आली. पहिल्या वर्षाला दहा प्रवेश झाले नाहीत तर गणित बंद. सर आणि मी मोटारसायकलवर गावोगाव फिरलो. रेणापूरला एका मुलीचे वडील म्हणाले, "गणित घेऊन पोरगी काय व्हईल?"

"प्राध्यापक होईल," सर म्हणाले.

वडिलांनी मला नीट न्याहाळलं. "ह्यांच्यावानी? किती वर्सं झाली पर्मनंट व्हऊन?"

अकरा वर्षं मी तासावरच आहे, हे मला सांगवेना. त्यांनी चहा पाजला, प्रवेश काही घेतला नाही. परतताना मला माझीच लाज वाटत होती.

*

शेवटच्या दिवशी चारपर्यंत प्रवेश झाले नऊ. "नऊ. तीननं भाग जातो," सर पुटपुटले आणि उठून गेले. पाच वाजत आले तरी परतले नाहीत, म्हणून शोधायला निघालो. सर ऑफिसच्या खिडकीशी उभे होते, हातात प्रवेशाचा फॉर्म. स्वतःच्या नावाचा.

शिंदे हळूच म्हणाले, "सर, असं न्हाई चालत."

"वयाची अट कुठं लिहिलीय, दाखवा."

शिंदेंनी फॉर्म घेतला आणि नाकारायला काहीतरी सापडेल म्हणून एकेक रकाना मोठ्यानं वाचायला लागले. नाव. पत्ता. बारावीचे गुण. मग एका रकान्याशी थांबले. यापूर्वी हा विषय शिकला आहात का?

तिथं सरांनी लिहिलं होतं, "नाही."