पऱ्हाटीतून गेलेली जीप

परवा नातू टीव्हीवर गाड्यांच्या शर्यतीचा सिनेमा बघत होता. लाल गाडीचे टायर किंचाळले आणि मी टीव्हीचा आवाज बंद केला.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीचे दिवस होते. आमच्या वस्तीतली तीन घरं जळाली होती. मामा एका डॉक्टरांच्या जीपवर ड्रायव्हर होता. मला आणि आईला गंगाखेडला न्यायला तो भरदुपारी आला. गावाबाहेर पडलो, तर पुढं रस्त्यात बैलगाडी आडवी लावलेली, आणि तिच्यामागं काठ्या घेतलेली माणसं.

मामाला सिनेमातल्या गाड्यांचा भारी नाद. तो म्हणाला, "आक्का, पोरीला खाली दाब. गाडी रानात घालतो."

"जमल का रे तुला?"

"सिनेमात लय येळा बघितलंय."

जीप कापसाच्या पऱ्हाटीत घुसली. आईच्या मांडीत तोंड खुपसून मी डिझेलचा वास गिळत होते. पत्र्यावर दगड आदळत होते. माणसांची ओरड आधी जवळ आली, मग मागं पडली.

गंगाखेडला पोचल्यावर मामाला स्टिअरिंगवरची बोटं सोडवेनात. आईनं ती एकेक करून सोडवली. त्याचा हात दुखावला असेल, असं तेव्हा मला वाटलं. तो जेमतेम वीस वर्षांचा होता, आणि आमच्याइतकाच भ्यायला होता.