उपाशी आणा, म्हणणारे डॉक्टर

भरमाण्णा डॉक्टरांची आणि माझी पहिली भेट झाली ती आमच्या तांब्या कुत्र्यामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी मच्छे गावच्या शाळेत मास्तर होतो आणि डॉक्टर बेळगावच्या गुरांच्या दवाखान्यात नुकतेच बदलून आले होते. आमच्या तांब्याच्या मानेखाली लिंबाएवढी गाठ आली होती. ती दाखवायला गेलो, तर डॉक्टरांनी आधी त्याला हातच लावला नाही. खाली मांडी घालून बसले आणि तो आपण होऊन हुंगायला येईपर्यंत माझ्याशी पीकपाण्याचे बोलत राहिले.

त्यांनी किती जनावरे वाचवली हे त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मला सांगायचे आहे ते त्यांच्या एका हट्टाविषयी. औषधाइतकीच जनावर दवाखान्यात आणण्याची रीत महत्त्वाची, असे ते मानतात. पळवत आणलेल्या बैलाला ते तासभर झाडाखाली उभे करतात, मालक कितीही कावला तरी. खडेबाजारातल्या एका व्यापाऱ्याने खरूज झालेली घोडी चोळून धुऊन आणली, तेव्हा "दुखणंच धुऊन आणलासा की हो," म्हणून तिला परत पाठवले होते. व्यापारी रागावला, पण पुढच्या खेपेस घोडी न धुता आली.

तांब्याची गाठ भूल देऊन कापायची ठरली. त्यासाठी डॉक्टर सायकलवरून दोनदा आमच्या घरी आले. तोंडाला मऊ पट्टी बांधायची सवय आठ दिवस आधीपासून कशी लावायची, त्याचे नेहमीचे पोते बरोबर का घ्यायचे, हे त्यांनी माझ्या आईला समजावून सांगितले. निघताना पुन्हा म्हणाले, "आक्का, आदल्या सांजेपासनं पोटात काय बी जाऊ द्यायचं न्हाय. भुलीत उलटी झाली तर श्वास कोंडतो."

आईने मान हलवली. पण आमच्याकडे मोठ्या कामाला निघालेल्याच्या हातावर दही घातल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. त्या सकाळी गाडी जुंपून आत आलो, तर आई तांब्याला दहीभात भरवत होती.

"उपाशी जीव घराबाहेर काढू व्हय रं? सुरीखाली चाललंय लेकरू," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी तांब्याला उचलले आणि आईला घेऊन गाडीत बसलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "मास्तर, पोट रिकामं हाय नव्हं?"

मी हो म्हणालो. खरे सांगितले असते तर परत फिरावे लागले असते, पुन्हा रजा मागावी लागली असती. शिवाय मास्तराच्या घरी असे घडावे याची लाज वाटली. पोरांकडून 'खरे बोलावे' गिरवून घेणारा मी!

तांब्या भुलीतून उठला नाही. त्याचे तोंड पुसताना बोळ्यावर भाताची शिते आली. ती मी पाहिली, डॉक्टरांनीही पाहिली. त्यांनी बोळा टाकला, तोंड स्वच्छ केले आणि दवाखान्याच्या ओसरीवर बसलेल्या आईसमोर जाऊन हात जोडले.

"आक्का, माझी मात्रा चुकली."

मी त्यांच्या मागेच उभा होतो.

आईने ते गावभर सांगितले. आमच्या बाजूची जनावरे दवाखान्यात जायची थांबली. शेजारची म्हैस वेताला अडली तेव्हा डॉक्टरांना बोलवा असे मी म्हणालो, तर "त्या हाताला गुण न्हाय," असे उत्तर आले. म्हैस आणि पारडू दोन्ही गेली. खरे सांगायची ती वेळ होती. तेव्हाही मी गिळून बसलो.

आई गेल्या वर्षी गेली, शेवटपर्यंत डॉक्टरांना दोष देत. या लेखाविषयी विचारायला मी डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, आता सगळे लिहितो.

"लिवा. पर आक्कांवर घालू नगासा," ते म्हणाले. "आपल्या हातचा घास त्याला बाधला हे कळलं असतं, तर त्या माउलीला पुन्हा जेवाण गेलं नसतं."

म्हणून तिच्यावर घालत नाही. तिला डॉक्टरांचे सांगणे उमगले नव्हते. मला उमगले होते.

डॉक्टरांना निरोगी दीर्घायुष्य लाभावे, असे सगळेच म्हणतील. मीही मनापासून म्हणतो; त्यांचे जे नाव माझ्यामुळे गेले ते परत आलेले त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे. हा लेख मी मच्छ्याच्या चावडीवर उभा राहून वाचणार आहे. डॉक्टरांची मात्रा चुकली नव्हती. मी खोटे बोललो होतो.