आपल्याकडे होणार नाही

धुक्यामुळे दिल्लीजवळच्या मानेसरची बस तासभर उशिरा पोचली, म्हणून हेमलताबाई स्वेटर न काढताच विद्यार्थ्यांचे आराखडे तपासायला बसल्या. या खाजगी कॉलेजात अकरा वर्षं त्यांचं हेच काम. पोरांच्या कल्पना बघायच्या, इथल्या एकुलत्या लेथवर बनेल तेवढं ठेवायचं, बाकीच्यावर लाल शाईनं शेरा मारायचा.

आज गठ्ठ्यात त्यांचा स्वतःचा आराखडा होता. कंपनीच्या बसमधून उभ्यानं जाणाऱ्या कामगारांसाठी घडीची बैठक. तो दुपारपर्यंत एका कारखान्यात दिला, तर डिझाइनची नोकरी मिळण्यासारखी होती. शेवटची नजर टाकायला तो उचलला आणि हात सवयीनं चालला: ‘सांधा अवघड. आपल्याकडे होणार नाही. सोपं काही निवडा.’

तपासून घ्यायला आलेली भक्ती, छावणीतल्या सुभेदाराची पोर, वाकून म्हणाली, "मॅडम, कुणाचंय हे? मस्तंय यार! बाहेरून वेल्डिंग करून घेईल ना तो."

बाई शेरा खोडायला गेल्या. पण वाचला, तर त्यांना तो पटतच होता.

"बाहेरचं चालत नाही गं," त्या म्हणाल्या. "आण तुझा. काय, पुन्हा रोबोटच का?"