पोटात हवा कुठून आली

वीस वर्षं मी बडोद्यात जिवंत माणसांचे सीटी स्कॅन वाचले. त्यातला एक नियम अंगात मुरलेला: पोटात आतड्याबाहेर हवा दिसली, की आतडं फाटलंय असं धरायचं आणि सर्जनला फोन करायचा.

मग आमच्याकडे शवविच्छेदनाआधी मृतदेहांचेही स्कॅन सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात पादरा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला आणलं. ऐन मे महिन्यात, शेतावरच्या खोलीत, दोन दिवसांनी सापडलेला. पोट टम्म फुगलेलं. मरायच्या आदल्या दिवशी धाकट्या भावानं बांधावरच्या भांडणात सगळ्यांदेखत त्याच्या पोटात लाथ घातली होती. लाथेनंच आतडं फुटलं, असं गाव म्हणत होतं. तो भाऊ बाहेर बाकावर पोलिसाशेजारी बसला होता.

स्क्रीनवर पोटाच्या पुढच्या भिंतीखाली हवेचा काळा पट्टा दिसला. मी फोन उचलला. "आतडं फाटलंय, ऑपरेशन थिएटर तयार ठेवा!"

निवृत्तीला आलेले आमचे टेक्निशियनभाई शांतपणे म्हणाले, "बेन, हवे एने ऑपरेशननी शुं जरूर?" खरंच, मेलेल्याला आता ऑपरेशन कशाला?

पलीकडून सर्जन पेशंटचा वॉर्ड विचारत होता. मी फोन ठेवून दिला.

शवविच्छेदन करणारा डॉक्टर माझ्या वर्गातला. तो दारात उभा राहून हसत होता. "अगं, तुझ्या पेशंटांना घाई असते, माझ्यांना नसते. नुसतं पोट काय बघतेस? वरखाली जा की."

गेले. यकृताच्या शिरांत हवा, हृदयात हवा, मांडीच्या रक्तवाहिन्यांत हवा, कातडीखालीसुद्धा. एका लाथेनं ती इतक्या ठिकाणी जात नाही. उकाड्यात कुजणाऱ्या देहानं ती स्वतःच तयार केली होती. मी लिहिलं: एवढ्या हवेवरून आतडं फाटलं असं म्हणता येत नाही, उघडून पाहावं.

त्यानं पाहिलं. आतडं अखंड, मार लागल्याची खूण कुठेच नाही. हृदयाची मोठी रक्तवाहिनी गुठळीनं बंद. पोलिसाला त्यानं तसं सांगितलं.

भाऊ उठून माझ्यासमोर आला. "मारी लातथी नहीं ने, बेन?"

"ना."

आपल्या लाथेनं तर नाही ना, असं त्यानं तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं, एरवी मी दुसऱ्यांदा सांगत नाही. मग तो मोठ्यानं रडला, आणि पोलिसानं त्याला घरी फोन लावून दिला.

टेक्निशियनभाई, डॉक्टर आणि मी, आम्ही तिघं बाहेर जाऊन उभ्यानं सेवउसळ खाल्ली. दुसरी प्लेट मीच मागितली.