चॅम्पियनचा गुडघा

दर रविवारी सकाळी मेहरूणच्या तलावाला चक्कर मारून आम्ही तिघं नानांच्या बॅटरीच्या दुकानात बसतो. रविवारी दुकानाला सुट्टी असते. शटर अर्धं खाली ओढायचं, आत भिंतीवरचा टीव्ही लावायचा आणि कोपऱ्यावरून पोहे मागवायचे. नाना म्हणजे दुकानाचे मालक. सर म्हणजे शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. तिसरा मी. तिकडे परदेशात शनिवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे रविवार उजाडलेला असतो, त्यामुळे हेवीवेटच्या मोठमोठ्या लढती आम्हाला पोह्यांवर लिंबू पिळता पिळता बघायला मिळतात. जळगावात क्रिकेटवर बोलणारे पायलीला पन्नास. बॉक्सिंगवर बोलणारे आम्ही तिघंच, आणि शेवटचा शब्द माझा असायचा.

माझा का, तर मी एकेकाळचा पैलवान. आजही दोघं मला त्याच नावानं हाक मारतात. बॉक्सिंगचे हातमोजे मी आयुष्यात एकदाही घातलेले नाहीत, पण आखाड्याची माती अंगाला लागलेला माणूस म्हणून माझं ऐकलं जायचं. दुकानात पाठीला टेकायला येते अशी एकच खुर्ची आहे आणि आठ वर्षं ती माझी होती. नाना आणि सर स्टुलावर बसायचे.

त्या खुर्चीत बसून मी एक गोष्ट निदान वीस वेळा तरी सांगितली असेल. यावलकडच्या एका गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती मी लागोपाठ दोन वर्षं मारली होती. तिसऱ्या वर्षी धुळ्याकडून एक पैलवान आला. मला त्यानं आखाड्यात उभं पाहिलं आणि पंचांच्या कानात काहीतरी सांगून तो आल्या पावली परत गेला. बक्षिसाचा पितळी हंडा तिसऱ्यांदा माझ्या घरी आला. गोष्ट संपली की नाना मांडीवर थाप मारायचे आणि सर म्हणायचे, "याला म्हणतात दरारा."

गोष्टीतला हंडा खरा आहे. बाकीचं मी उलटं सांगत होतो.

खरं असं झालं होतं. त्या धुळ्याच्या पोराची त्या दिवशी आधी एक कुस्ती झाली ती मी कडेला बसून पाहिली. समोरच्याला त्यानं पहिल्या पकडीतच पाठीवर टाकलं आणि लगेच हात देऊन उठवलं, कपाळाची माती पुसून दिली. त्याला दमसुद्धा लागला नव्हता. मी उठून पंचांच्या मागे गेलो आणि हळूच म्हणालो, "आबा, गुडघा धरलाय. जोड लावू नका." आखाड्यात दोन पैलवान एकमेकांना शोभतील असे असले तर त्याला जोड म्हणतात. नसतील तर पंच म्हणतात, जोड नाही. त्यात कुणाची बेअब्रू होत नाही, म्हणून तर तो शब्द आहे. आबांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि भोंग्यावर सांगून टाकलं, "जोड नाही!"

तेव्हा तो पोरगा आखाड्याच्या मधोमध माझ्याकडे उजवा हात पुढे करून उभा होता. हात तसाच राहिला. मग त्यानं चिमूटभर माती कपाळाला लावली आणि कपडे उचलून निघून गेला. मी एका हलक्या पैलवानाला चीत करून हंडा घेतला, आणि तेव्हा माझा गुडघा जरासुद्धा दुखला नाही.

याला तीस वर्षं झाली. मागच्या दिवाळीनंतर सर एका नव्या माणसाला घेऊन आले. सरकारी खात्यात ड्रायव्हर, धुळ्याहून बदली होऊन आलेला, तलावावर चालताना ओळख झालेली. शटरखालून वाकून तो आत आला तेव्हा मला आधी त्याचा कान दिसला. मोडलेला, फुगलेला, भज्यासारखा कान. आमच्याकडे असा कान कुस्तीशिवाय कशानं होत नाही. मग त्यानं हात मिळवायला उजवा हात पुढे केला. तो हात मी लगेच ओळखला.

"काय भाऊ, बरं शे ना?" तो धुळ्याकडच्या बोलीत म्हणाला.

"बरं आहे," मी म्हणालो. त्यानं मला ओळखलं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. माझी तेव्हाची मिशी गेलीय, केस गेलेत, आणि खांद्यातलं वजन सगळं पोटात उतरलंय. नाही ओळखलं, असं मी ठरवून टाकलं.

त्याचं नाव कुणी घेत नसे, सगळे त्याला धुळेकर म्हणायला लागले. आपण कधी कुस्ती केली हे त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही. पण पहिल्याच लढतीला तो म्हणाला, "हात नका पाहू नाना, पाय पाहा. मागला पाय हालना का समजी जावानं." म्हणजे मागचा पाय हलला की समजायचं, ठोसा आला. नाना पाय बघायला लागले. सर पाय बघायला लागले. आणि खरंच, ठोसा कुठून येणार ते आधी दिसायला लागलं. आठ वर्षं मी त्यांना हात दाखवत होतो.

मग काय, धुळेकर म्हणतील ते खरं. जानेवारीत त्यानं स्वतः वांगी भाजून भरीत करून आणलं, तर नाना बोटं चाटत म्हणाले की असं भरीत जळगावात कुणाला जमत नाही. मी दुसऱ्या रविवारी मुद्दाम मेहरूणची बोरं नेली, चांगली निवडून, धुऊन. ती टीव्हीखाली तशीच पडून राहिली. एका रविवारी मला यायला उशीर झाला तर धुळेकर माझ्या खुर्चीत. मला पाहून तो लगेच उठला, पण नाना म्हणाले, "बसा हो, पैलवान बसतील स्टुलावर." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्टूल करकरत होतं आणि लढतीत काय चाललंय ते मला बाराव्या फेरीपर्यंत दिसलंच नाही.

त्यातच चॅम्पियनचं प्रकरण सुरू झालं. हेवीवेटचा पट्टा ज्याच्याकडे आहे त्यानं वर्षभर हलकेफुलके गडी निवडून हाणले होते. समोर एक उंच डावखुरा आव्हान देऊन उभा होता, आणि चॅम्पियन काही त्याच्याशी रिंगणात उतरेना. एकदा तारीख ठरली आणि पुढे गेली. कारण काय, तर सराव करताना गुडघा दुखावला.

"गुडघा!" नाना पोह्यांवर शेव टाकत म्हणाले. "बाकीच्यांशी लढताना नाही दुखला तो."

सरांचं म्हणणं होतं की तिथं लढत ठरवणारे लोक वेगळे असतात, एकट्या बॉक्सरच्या हातात काही नसतं. मला मात्र चेव आला. मी म्हणालो, पट्टा कमरेला बांधून जो चांगल्या गड्याला टाळतो तो चॅम्पियनच नव्हे. म्हणालो, पळपुटा आहे, वर्षभरात एकतरी जोडीचा माणूस घेतलाय का त्यानं? हे सगळं मी इतक्या जोरात बोललो की बाहेर फिरायला निघालेल्या दोन बाया शटरखालून वाकून बघायला लागल्या. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. तेव्हा मला फक्त धुळेकरपेक्षा मोठ्यानं बोलायचं होतं.

धुळेकर चहा फुंकत होता. तो शांतपणे म्हणाला, "दुखत व्हई भो त्याना गुडघा. आपले काय माहीत?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो टीव्हीकडे बघत होता.

पुढच्या रविवारीही तेच. मी चॅम्पियनला झोडपायचं आणि त्यानं चॅम्पियनची बाजू घ्यायची. "पट्टा गया का परत भेटत नही, म्हणून भीती वाटस," तो एकदा म्हणाला, आणि तेही अशा मायेनं की जणू चॅम्पियन त्याच्या मामाचा मुलगा आहे. मला तर वाटायला लागलं की हा माणूस मला उभा सोलतोय. घरी येऊन मी रविवारभर कुणाशी धड बोलत नसे. त्या तिसऱ्या वर्षीच्या हंड्यात आमच्याकडे गहू असतात. बायको गहू काढायला लागली की झाकणाचा आवाज होतो, आणि मी उगाच तिच्यावर खेकसायचो.

मग तो रविवार आला. लढत पुन्हा पुढे गेल्याची बातमी होती. नाना तावातावानं म्हणाले, "असं पळणारे सगळीकडे असतात हो. आमच्या पैलवानाला विचारा." आणि धुळेकरकडे वळून त्यांनी ती गोष्ट सुरू केली. यावलकडची जत्रा, शेवटची कुस्ती, पितळी हंडा, सगळं. मी सांगायचो त्याहून जास्त रंगवून. मी मध्येच म्हणालो, "जाऊ द्या नाना, जुनं झालं." पण सर म्हणाले, "अहो, ते धुळ्याचे आहेत, त्यांना ठाऊक असेल. काय हो, तुमच्याकडचा असा कोण पैलवान, यांना बघून पळून गेलेला?"

मी चहाचा कप खाली ठेवला. त्यानं आता फक्त खरं सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. माझी आठ वर्षं, खुर्ची, पैलवान हे नाव, सगळं त्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं.

धुळेकर हसला. स्वतःचा मोडका कान चोळत म्हणाला, "तो पहिलवान मीच."

नाना स्टुलावरून अर्धे उठले.

"खरं शे नाना. घाबरी जायेल व्हतू मी. यासले पाह्यं आन् पंचले सांगं, आबा, मनी जोड नका लाऊ."

मग जो गलका झाला! नानांनी मांडीवर इतक्या थापा मारल्या की पोह्यांची बशी खाली पडली. पण धावून ते माझ्याकडे नाही आले, त्याच्याकडे गेले. सर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असं कबूल करायला छाती लागते हो. तो चॅम्पियन बघा, आणि हे बघा." मला हवी होती ती गोष्ट त्या सकाळी खरी ठरली होती. साक्षीदारानं स्वतः येऊन सही केली होती. आणि तरी सगळे त्याच्याभोवती होते. तो खोटं बोलून मोठा झाला होता, आणि माझ्याजवळ तीच कबुली खरी असून मला ती तोंडातून काढता येत नव्हती.

"आता होऊनच जाऊ द्या!" नानांना सुरसुरी आली. "तीस वर्षांनी का होईना, पंजा लढवा दोघं."

त्यांनी टेबलावरची बॅटरी उचलून बाजूला ठेवली. सरांनी रुमालानं टेबल पुसलं. धुळेकर नको नको म्हणत होता, पण त्याला समोर बसवलं. त्यानं उजवा हात टेबलावर टेकवून माझ्याकडे पुढे केला. अगदी तसाच.

मी तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते मला स्वतःलाच ऐकू आलं. "नको आज. गुडघा दुखतोय."

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग नाना आणि सर असे हसले की नानांना ठसका लागला. पंजा लढवायला गुडघा! सरांनी तर डोळे पुसले. "पैलवान, पंजा पायानं लढवता की काय?" ते म्हणाले. मीही हसायचा प्रयत्न केला. कान तापले होते.

एकटा धुळेकर हसला नाही. माझ्याकडे त्यानं पहिल्यांदाच सरळ पाहिलं. त्या नजरेत चेष्टा नव्हती, रागही नव्हता, आणि मला कळून चुकलं की त्यानं पहिल्याच दिवशी, शटरखालून वाकून आत आला तेव्हाच, मला ओळखलं होतं. त्यानं हात हळूच मागे घेतला आणि नानांना म्हणाला, "ऱ्हाऊ द्या नाना. जोड नही शे."

नंतर त्यानं सगळ्यांना चहा सांगितला. माझ्या चहात साखर कमी लागते हेही त्याच्या लक्षात होतं. त्या चहाचा एकेक घोट मी जळत प्यालो. तीस वर्षांत मी कुणावर इतका जळलो नसेन. त्याच्या पकडीवर नाही, भरितावर नाही, खुर्चीवरही नाही. मला वाचवायचं त्याला इतकं सहज जमलं, त्यावर.

परवा लढत एकदाची झाली. चॅम्पियन उतरला, डावखुऱ्यापुढे बाराच्या बारा फेऱ्या उभा राहिला आणि पट्टा हरला. हरल्यावर दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. नाना म्हणाले, "काही म्हणा, उतरला तरी."

त्या दिवशी घरी येऊन मी हंड्यातले गहू पोत्यात ओतले. हंडा चिंच लावून घासला. बायको बघतच राहिली. पुढच्या रविवारी पिशवीत घालून न्यावा, सगळ्यांदेखत त्याच्यापुढे ठेवावा आणि खरं काय ते सांगून टाकावं, असं मनात होतं. पण मला पुढचंही दिसत होतं. तो हसेल, हंडा माझ्याकडे परत सरकवेल, म्हणेल की भाऊ, जुनं झालं. आणि नाना मांडीवर थाप मारून पुन्हा त्याचंच कौतुक करतील.

संध्याकाळी मी गहू परत हंड्यात भरून टाकले.