गुळाचा व्यापारी, एक बेट आणि दोन सायकली

अप्पा सुईला घाबरतो. कोल्हापूरच्या शाहूपुरीत त्याचं गुळाचं अडत दुकान आहे. वजन नव्वदच्या पुढे, आवाज रेल्वे फाटकापर्यंत जाणारा. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभरात रक्तातली साखर उतरली नाही तर गोळीवर भागणार नाही, इंजेक्शन चालू करावं लागेल. सायकल चालवा, गोड सोडा. अप्पानं सायकल घेतली.

आजाराचं पेठेत कुणाला सांगितलं नव्हतं. "गूळ विकणाऱ्यालाच शुगर झालीया म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणंल, मास्तर?" मास्तर म्हणजे मी. कॉलेजात मराठी शिकवतो, अप्पाच्या शेजारी राहतो.

तपासणी सोमवारी होती. रविवारी त्याला मोठी फेरी मारायची होती. मी गावातला रंकाळा तलाव सुचवला. त्याला बेट हवं होतं.

बेट म्हणजे राधानगरीकडच्या एका धरणाच्या पाण्यात उरलेला डोंगर. वर एक वाडी, भोवती कच्चा रस्ता. चढ आहेत, घाम निघेल, असं अप्पा म्हणाला. तिथे गुऱ्हाळ आहे हे त्यानं सांगितलं नाही. ते अक्कानं सांगितलं. अक्का म्हणजे त्याची बायको.

"वीस वर्षं त्या बेटाचा गूळ दुकानात येतोय," ती म्हणाली. "बघायची हौस ह्यांना आत्ता आली."

तिनं मला दोन गोष्टी बजावल्या. गुळाचा खडा तोंडात जाऊ द्यायचा नाही. आणि हात कापायला लागले, गार घाम फुटला, तर ताबडतोब गोड द्यायचं. गोळी घेणाऱ्याची साखर कधी कधी एकदम खाली जाते.

"म्हणजे देऊ की नको?"

"नाटक असलं तर नको. खरं असलं तर द्या."

"ओळखायचं कसं?"

"मास्तर हाय न्हवं तुम्ही? पोरांचं ओळखताच की."

रविवारी उजाडता उजाडता वडाप पकडलं. कोल्हापूरच्या बाहेरून वाचणाऱ्यांसाठी: वडाप म्हणजे भरेल तेवढी माणसं भरून जाणारी जीप. एसटी स्वस्त पडते, पण सकाळच्या गाडीचा कंडक्टर टपावर सायकल चढवू देईलच असं नाही. वडापवाल्यानं माणशी पंचवीस घेतले आणि सायकलीचेही पंचवीस.

"सायकल काय बसून येणार हाय व्हय?" अप्पानं विचारलं.

"झोपून येती. जास्त जागा लागती."

माझी सायकल जुनी, काळी, बिनगिअरची. अप्पाची जावयानं पुण्याहून पाठवलेली. तिला अठरा गिअर आहेत. अप्पा त्यातला एक वापरतो.

धरणाच्या काठी एक चहाची टपरी आहे. पोहे बरे मिळतात, चहा फार गोड. पुढे खायला काही मिळेल असं धरून चालू नका, इथेच पोट भरा. अप्पानं गोळी घेतली आणि पोहे दोन चमचे खाऊन बाजूला सारले. उद्या रिपोर्ट चोख आला पाहिजे, म्हणून आज उपास. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडणारी मुलं मी दरवर्षी बघतो. त्यांना सांगून उपयोग नसतो. तरी सांगितलं. तो पेढ्यांच्या बरणीकडे बघत बसला.

"मास्तर, हात कापतोय बघ."

उजवा हात कापत होता. अगदी तालात.

"डावा का कापत नाही?"

"त्यो बी कापंल जरा वेळानं."

मी पैसे देऊन उठलो.

होडी लाकडी आहे. सायकली आडव्या टाकून त्यांच्यात पाय ठेवून बसायचं. पाणी हिवाळ्यात भरपूर असतं, ओढ जाणवत नाही. मार्चनंतर येऊ नका. पाणी मागे हटतं आणि सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवावा लागतो. परतीची शेवटची होडी संध्याकाळी पाचच्या सुमाराला, पण गुऱ्हाळ चालू असलं की गूळ भरल्याशिवाय ती हलत नाही.

बेटावर पाय ठेवताच चढ लागतो. तांबडी माती, सुटे दगड, दोन्ही बाजूंना कारवी. मी शंभर पावलांत सायकलवरून उतरलो. अप्पा माझ्या आधी उतरला होता. वर पोचल्यावर पाणी तिन्ही बाजूंनी दिसतं. बुडालेल्या झाडांचे शेंडे बाहेर राहिलेत, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. खाली निळं, वर निळं, मध्ये आपण धापा टाकत. फोटो चांगले येतात. आमचे आले नाहीत, रोल संपला होता.

उताराला अप्पा ओरडत गेला. पुढच्या चढाला पुन्हा ढकलत. गवताचे भारे घेऊन दोन बायका समोरून आल्या. त्यांतली पुढची थांबली.

"पावणं, सायकल तुमास्नी नेतीया का तुमी सायकलीला?"

"आळीपाळीनं," अप्पा म्हणाला.

वाडीत दहा-बारा घरं. कुणीही आलं की आधी गूळ-पाणी. पहिल्या घरात तांब्या आला, वाटीत गुळाचे खडे आले. अप्पानं पाणी घेतलं, गुळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आत्ताच खाल्लाय, मावशी."

"कुठं खाल्लासा? हिकडच्या अंगाला पयलं घर आमचंच हाय."

मी दोन खडे खाल्ले, अप्पाच्या वाटणीचेही. दुसऱ्या घरात तेच. खरं कारण सांगितलं असतं तर कुणी रागावलं नसतं. पण हा गूळ त्याच्याच दुकानात विकायला येणार होता, आणि गुळाबरोबर ही बातमीही पेठेत आली असती. दुसऱ्या घरातली म्हातारी आमची पाठ फिरल्यावर म्हणाली, "शेरातली मानसं. आमचा गूळ गॉड लागत न्हाय त्यास्नी."

अप्पाला ते लागलं. पुढचा चढ तो खाली न उतरता चढला. मी कौतुक केलं. त्यावर तो बोलला नाही.

मग वास आला. उकळत्या रसाचा, लाकडाच्या धुराचा. ऊस होडीतून कारखान्याला पोचवणं परवडत नाही, म्हणून बेटावरचा सगळा ऊस इथेच गूळ होतो. भल्या मोठ्या काहिलीत रस खदखदत होता, खाली चिपाडांचा जाळ, भोवती माणसं. गूळ उतरवण्याची वेळ ठरवणारा गुळव्या म्हणजे तातोबा. त्यानं अप्पाला फोनवर ऐकलेल्या आवाजावरून ओळखलं असतं, पण अप्पा बोललाच नव्हता. मी ओळख करून दिली.

"दुकानवालं अप्पा व्हय? बसा की." तातोबानं पळसाच्या पानावर नुकता वळलेला गूळ आणला, वाफा निघणारा.

"नको," अप्पा म्हणाला.

त्यानं गूळ हातात घेतला नाही. वास घेतला नाही. बोटानं दाबला नाही. अप्पा लग्नाच्या पंगतीतसुद्धा पुरणपोळी उलगडून आतला गूळ कुठल्या गावचा ते सांगतो. तो चिपाडांच्या ढिगावर बसला आणि माझ्याकडे हात पुढे करून म्हणाला, "किल्ली दे. दुकान उघडायला पायजे."

रविवार होता. वारा गार होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. दोन्ही हात कापत होते, आणि तो ते मला दाखवत नव्हता.

मी रसाचा तांब्या उचलून त्याच्या तोंडाला लावला. निम्मा रस शर्टावर गेला.

"काय झालं पावण्यास्नी?" तातोबानं विचारलं.

"शुगर आहे त्याला," मी म्हणालो. जरा मोठ्यानं म्हणालो. काहिलीभोवतीच्या सगळ्यांनी ऐकलं.

मग गुळाचा खडा. मग आणखी एक. मला अक्काचा चेहरा दिसत होता. रस खदखदत राहिला. बऱ्याच वेळानं अप्पानं डोळे नीट उघडले, पानावरचा गूळ उचलला आणि उजेडात धरला.

"रंग फिका हाय. उजळायची पावडर पडलीया जास्त."

"पावडर न्हाय, रस निवळायला नुसती भेंडी हाय," तातोबा म्हणाला. "आदी शुद्धीवर या, मग भाव पाडा."

त्यांनी आम्हाला नाचणीची भाकरी आणि पिठलं खाऊ घातलं. पैसे काढल्यावर तातोबानं माझ्याकडे असं बघितलं की मी पाकीट खिशात ठेवलं. आम्ही होडीत गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर, बसून परत आलो. काठ जवळ आल्यावर अप्पानं विचारलं, "किती जणांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

"जरा हळू सांगायचं होतंस."

घरी अक्कानं दार उघडलं आणि शर्टावरचे डाग बघितले.

"नाटक का खरं?"

"खरं," मी म्हणालो.

तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. मग उपाशी गेल्याबद्दल त्याला आणि जाऊ दिल्याबद्दल मला, दोघांना एकदमच झापलं. अर्धं तिच्या माहेरच्या कानडीत. ते अर्धं बहुधा माझ्यासाठी होतं.

सोमवारचा रिपोर्ट थोडा बरा आला. डॉक्टर उपासावर भडकले, सुई तीन महिने पुढे ढकलली. अप्पा याला विजय म्हणतो.

आता जाऊन यावं का, असं विचाराल तर जा. पाय चार दिवस दुखतात. ते पाणकावळे बसलेले शेंडे, तो धूर, तो वास लक्षात राहतो. मला मात्र बेट म्हटलं की अप्पाचं ते सपाट 'नको' ऐकू येतं. इतका घाबरलो नव्हतो मी कधी.

गुरुवारी बेटाचा गूळ टेंपोनं शाहूपुरीत आला. मी दुकानात होतो. ड्रायव्हरनं खाली उतरून भर गल्लीत विचारलं, "शुगरवालं अप्पा कुठं हायत? तातोबानं नाचणी धाडलीया. रोज भाकरी खावा म्हटलंय."

हमाल थांबले. अप्पा गादीवर तसाच बसून राहिला. नाचणीचं गाठोडं त्याच्यासमोर ठेवलं गेलं.

दुपारी शेजारचे एक व्यापारी आले. भावाचं बोलले, पावसाचं बोलले. मग हळू आवाजात विचारलं, "अप्पा, गोळी कुठली घेता?" त्यांच्यामागून दुसरे आले. तिसऱ्यांनी तर खिशातून स्वतःची गोळीच काढून दाखवली. दोन वर्षं घरच्यांखेरीज कुणाला माहीत नव्हती. चार वाजेपर्यंत गादीवर बसायला जागा उरली नाही.

अप्पानं चहा सांगितला. चहावाल्यानं विचारलं, "बिनसाखरंचं किती?"

अप्पानं सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघितलं.

"सगळंच," तो म्हणाला.